सतरा पावलांवरचं बेसिन

मला कवडीची किंमत न देणारी माणसं आयुष्यात पुष्कळ भेटली. त्यांत एक झालेले सासरे आहेत, एक होता होता राहिलेले सासरे आहेत, नकाशे मंजूर करणारा एक कारकून आहे आणि खुद्द माझ्या ऑफिसातला ड्राफ्ट्समन आहे. पण ही सगळी हौशी मंडळी. लहर आली तर तुच्छ लेखायचे, नाहीतर चहा पाजायचे. नामदेव ठवकर मास्तर मात्र त्या कलेतले पट्टीचे. सकाळी डोळा उघडल्यापासून ते कुणाला ना कुणाला तुच्छ लेखत असत आणि त्यात कधी खाडा नसे.

पहिल्याच भेटीत मला प्रसाद मिळाला. प्रतापनगरातल्या माझ्या ऑफिसात एक दिवस खारकेसारखा वाळलेला, साठीला टेकलेला माणूस शिरला. पांढरा शर्ट, पायात रबरी चप्पल. नमस्कार नाही, चमत्कार नाही. भिंतीवर माझ्या सर्वांत गाजलेल्या कामाचा, एका मंगल कार्यालयाचा, भला मोठा फोटो होता. खांब ग्रीक, कळस दाक्षिणात्य आणि दारात फायबरचे दोन हत्ती. मास्तर त्या फोटोपुढे बराच वेळ उभे राहिले. मी कौतुक झेलायच्या तयारीत.

"हे तुमी केलं?"

"हो," मी विनयाने मान खाली घातली.

"काहून?"

हे कसं केलं, किती दिवसांत केलं, हत्ती कुठून आणले, असं लोक विचारायचे. काहून, म्हणजे का, हे कुणी विचारलं नव्हतं.

खुर्चीत बसून त्यांनी काम सांगितलं. बेसा रोडच्या पुढे बायकोच्या माहेरच्या वाट्याचा प्लॉट होता आणि त्यावर त्यांना शाळा बांधायची होती. टॅटू काढायला शिकवणारी शाळा. मला हसू आवरलं नाही.

"हसा," ते म्हणाले. "दात काढाले शिकवाचं कॉलेज हाय, तिथं हसता का? सुई देणारी नर्स तीन वर्षं शिकते. टॅटूवाला तीन दिवसांत शिकते, मोबाईलवर पाहून. मंग लोकायचे हात पिकते आन हा पोट्टा दुकान बंद करून दुसऱ्या गल्लीत जाते."

मी चेहरा गंभीर केला आणि सगळं सोडून माझ्याचकडे कसे आलात, असं विचारलं. हा माझा आवडता प्रश्न. उत्तर बहुधा गोड असतं.

"त्या दातवाल्या डॉक्टरच्या दवाखान्यात तुमच्या हातचं बेसिन पाह्यलं. खुर्चीच्या बाजूलेच हाय, आन नळ कोपरानं सुरू होते. ते बरं हाय. बाकी दवाखाना बेक्कार हाय."

इथे प्रामाणिकपणे सांगायला हवं की ते बेसिन डॉक्टरच्या बायकोने भांडून तिथे बसवून घेतलं होतं आणि मी शेवटपर्यंत विरोध केला होता. खुर्चीशेजारी बेसिन म्हणजे सौंदर्यदृष्टीचा खून, असं मी तिला लेखी कळवलं होतं. पण मास्तरांपुढे मी म्हणालो, "बेसिन हा माझा जिव्हाळ्याचा विषय आहे."

काम मिळालं.

मास्तरांचं दुकान नागपूरच्या महाल भागात होतं, स्टीलच्या भांड्यांच्या दुकानावर. लोखंडी जिना चढून गेलं की एक खोली, दोन खुर्च्या आणि भिंतीवर त्यांनीच कधीतरी रंगवलेला एक ड्रॅगन. इतका कुरूप ड्रॅगन मी दुसरीकडे पाहिला नाही. त्याला पोट सुटलेलं होतं. इतरांच्या रेषेवर थुंकणारा हा माणूस स्वतःचा ड्रॅगन वीस वर्षं भिंतीवर कसा सहन करतो, हे कोडं होतं. विचारलं तर म्हणाले, "गिऱ्हाइकाले तो आवडला तं समजाचं, याले काही समजत नाही. मंग त्याच्यासंगं तसंच बोलाचं."

त्यांची रीतच ती. माणूस आत आला की तोंडाकडे पाहायचंच नाही, थेट मनगटाकडे. तुमचं नाव त्यांना चार भेटींनंतरही आठवत नसे, पण तुमच्या मनगटावरची शीर कुठे फिरते ते पाठ. मला ते कायम "आर्किटेक साहेब" म्हणत आणि "साहेब" असं काही उच्चारत की ते शिवीपेक्षा बरं लागत नसे.

एकदा मी मापं घ्यायला बसलो असताना एक तरुण आला. दंडावर वाघ हवा होता. मास्तरांनी त्याचा दंड दोन बोटांत धरून पाहिला.

"इथं वाघ मावत नाही गा. मांजर काढून देऊ?"

दुसरा आला, त्याला छातीवर मैत्रिणीचं नाव हवं होतं. त्याला सांगितलं, "पंधरा दिवसांनी ये. तवाबी तेच नाव राह्यलं तं काढू." पोरगा रागावला. मास्तर माझ्याकडे वळून त्याच्यासमोरच म्हणाले, "दहातले आठ वापस येत नाही. दोन येते, तेबी दुसरं नाव घेऊन."

आणि हात धुणं. एक गिऱ्हाईक संपलं की कोपरापर्यंत, नखं घासून, बोटांच्या बेचक्यांत फेस घालून. मी एकदा घड्याळ लावलं. चांगली दोन मिनिटं. तोवर समोरचा माणूस ताटकळत बसलेला. मला तो दिखाऊपणा वाटायचा. घरी येऊन मी बायकोला त्यांची नक्कल करून दाखवत असे, आणि ती हसली की मला नकाशा पूर्ण झाल्यासारखं वाटे.

नकाशा मात्र होत नव्हता. मला त्या इमारतीत एक कल्पना घालायची होती. आम्ही आर्किटेक्ट लोक खोल्या बांधत नाही, कल्पना बांधतो. खोल्या त्यात अडकून राहतात. माझी कल्पना होती, "इमारत म्हणजे त्वचा". पश्चिमेच्या भिंतीला सिमेंटची जाळी आणि त्या जाळीत जुन्या गोंदणाच्या खुणा. दुपारनंतर ऊन त्यातून आत येणार आणि जमिनीवर गोंदण उमटणार. शिकवायचा हॉल एकसंध, मधे काही नको, टेबलावर दिवेसुद्धा नकोत. नैसर्गिक प्रकाश! मी संगणकावर चित्रं करवून नेली. चित्रांतून गोरी गोरी माणसं फुगे घेऊन चालत होती, कारण आमच्या सॉफ्टवेअरमध्ये तीच माणसं फुकट मिळतात.

मास्तरांनी एकेक चित्र उलटून पाहिलं.

"हे कोन हाय?"

"ते... असेच. विद्यार्थी."

"बेसा रोडले?" मग बोट ठेवून, "आन बेसिन कुठं हाय?"

पहिल्या नकाशात मी आठ टेबलांना आठ बेसिनं दिली होती, कारण त्यांनी बजावलं होतं. भिंती पांढऱ्या हव्यात म्हणजे रक्ताचा थेंब लपणार नाही, जमीन आणि भिंत जिथे भेटते तिथे कोपरा नको, गोलवा हवा म्हणजे मळ बसणार नाही, आणि प्रत्येकाच्या डाव्या हाताला बेसिन. एवढ्या तीन गोष्टी. बाकी तुमचे हत्ती बसवा, असंही म्हणाले होते. पण आठ बेसिनं म्हणजे आठ नळ, आठ पाईप, आणि माझी एकसंध जमीन जागोजागी फुटणार. मी ती सगळी उचलली आणि हॉलच्या टोकाला एका वळणदार भिंतीमागे काळ्या दगडाचं एकच लांबलचक बेसिन ठेवलं. त्याला मी "जलभिंत" असं नाव दिलं. नाव दिलं की आम्हाला ती वस्तू आवश्यक वाटू लागते.

जोतं भरून झालं तेव्हा मास्तर साइटवर आले. खडूने आखलेल्या टेबलापासून निघाले आणि बेसिनाच्या जागेपर्यंत मोजत चालत गेले.

"सतरा पावलं," तिथून ओरडले. "नाही जमत."

"काय नाही जमत, मास्तर?"

"दोन पावलं असली तं मानूस धुते. पाच असली तं मास्तर पाहून राह्यला तं धुते. सतरा पावलं कोनी जात नाही. पॅन्टले पुसते."

"अहो, शिस्त लावा की."

तेव्हा ते विटांच्या थप्पीवर बसले आणि बोलले. आवाज तोच, दुसऱ्याच कुणाची टिंगल करावी तसा.

"मी तरुणपनी जत्रेत बसत होतो. बॅटरीची मशीन, एक सुई, शाईची एक वाटी. सकाळपासून लाईन. सुई बोथट झाली का बदलाची, हे आमचं शास्त्र. पानी दूर, बोअरिंगवर. उठून गेलो का गिऱ्हाईक बाजूच्याकडे जाते. कोन जाते? फडकं होतं, फडक्याले पुसाचो. मोठा शहाना होतो मी, तुमच्यासारखा."

त्यांनी चपलेतली वाळू झटकली.

"मंग पारशिवनीकडची एक बाई आली महालात, बऱ्याच वर्षांनं. हातावरचं नवऱ्याचं नाव झाकून दे म्हने. नवरा गेला, रक्तातून लागलेल्या काविळीनं लिव्हर खराब होऊन. दोघायनं एकाच दिवशी गोंदलं होतं, जत्रेत. अक्षर पाह्यलं मी. माझंच. त्याले माझ्याच सुईनं झालं का आनखी कशानं, कोन सांगन? तिनं मले ओळखलंबी नाही. फूल काढून देल्लं त्या नावावर. चांगलं झालं, म्हने."

"असे किती असतील, मास्तर?"

"मोजता आले असते तं शाळा काढाले आलो असतो का तुमच्यासारख्याकडे?"

आता कुणीही माणूस इथे म्हणाला असता, बेसिनं आणतो मास्तर, टेबलाशेजारी आणतो. माझ्या डोळ्यांपुढे मात्र ती जमीन होती. तुकतुकीत, अखंड, आणि तिच्यावर पडलेली जाळीची सावली. मी घसा साफ करून म्हणालो, "माझी इच्छा आहे हो. पण उतार मिळत नाही. इतक्या आत पाईप नेला तर पाणी तुंबेल."

शुद्ध थाप. आणि गंमत म्हणजे, माझी एकही गोष्ट न पटणाऱ्या त्या माणसाने ही थाप जशीच्या तशी घेतली.

"पान्याचं गनित असन तं असन," म्हणाले. "त्याच्यातलं तुमाले समजते, मले नाही."

ओळख झाल्यापासून त्यांनी माझ्यावर विश्वास टाकलेला तो एकमेव प्रसंग. मला त्या वेळी काय वाटलं? सुटलो, असं वाटलं. येताना मी सदर भागात थांबून कुल्फी खाल्ली.

उद्घाटनाला पाहुणे, आलूबोंडे, माईक असा सगळा थाट होता. शाळेची पहिली तुकडी आठ जणांची. महालातल्या दुकानात दुधीवर, संत्र्याच्या सालीवर आणि रबरी कातड्यावर सराव करण्यात त्यांचे कित्येक महिने गेले होते. आता पहिल्यांदा जिवंत कातडी. त्यासाठी मी माझा हात देऊ केला. फोटोग्राफर समोर होता, म्हणून. दुसरं कारण नाही.

मला काढणार होती पायल मेश्राम, तुकडीतली सगळ्यांत स्थिर हाताची, असं मास्तरांनीच सांगितलेलं. म्हणजे त्यांच्या भाषेत, "हिचा हात कमी हालते." मी डाव्या हातावर गुण्याचं चित्र मागितलं, आमच्या धंद्यातला त्रिकोण.

"त्रिकोन?" मास्तर म्हणाले. "बरं हाय. तीनच रेघा. बिघडाले जागा नाही."

ही माणसं आधी कातडीवर जांभळ्या शाईचा छाप उठवतात आणि त्यावरून सुई चालवतात. दोन रेघा झाल्या. तिसरी सुरू झाली आणि लाईट गेली. मशीन बॅटरीवर चालत होती, ती चालूच राहिली. मी पाहुण्यांकडे वळून मोठ्याने म्हणालो, "बघा! एक दिवा नाही, तरी काम थांबलं नाही. नैसर्गिक प्रकाश!" टाळ्या पडल्या.

चार वाजले होते. पश्चिमेचं ऊन जाळीतून थेट माझ्या हातावर आलं होतं. पायल शाई पुसता पुसता जांभळा छापही पुसून बसली होती. नवशिक्यांचं होतं असं. पण तिला काळजी नव्हती, कारण हातावर एक स्वच्छ, सरळ, काळी रेघ दिसत होती. माझ्या जाळीच्या दांड्याची सावली. ती बिचारी त्या सावलीवरून निघाली. सूर्य काही थांबत नाही. सावली सरकली, तशी पायल सरकली. माझ्या गुण्याची तिसरी बाजू कोपराच्या दिशेने निघाली आणि बाकीच्या दोन्ही बाजूंना कायमची सोडून गेली.

"पोरी, थांब वं," मास्तर म्हणाले.

पायलने पाहिलं आणि तिचा रंगच उडाला. हातमोज्यावर शाई, शाईत माझं रक्त. मोजे काढायचे, हात धुवायचे, नवे घालायचे, हे तिला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. तिने मान वर करून जलभिंतीकडे पाहिलं. मधे पाहुणे, खुर्च्या, आलूबोंड्यांच्या प्लेटी. तिने तो मोजा एप्रनला पुसला, आणि पुन्हा मशीन उचलली.

हॉलमध्ये ते दोनच माणसांनी पाहिलं. एक मास्तर, आणि एक मी.

"धुतला काहून नाही वं?" त्यांनी हळू विचारलं.

"दूर आहे ना, सर. इतक्या लोकायच्या मधातून..." आणि ती रडायला लागली.

मास्तरांनी मान वळवली. प्लंबर रज्जाकभाई पाहुणा म्हणून आला होता, दाराजवळ प्लेट घेऊन उभा होता.

"रज्जाक, इकडे टेबलापाशी बेसिन काहून नाही देल्लं? उतार भेटत नवता ना?"

रज्जाकभाईच्या तोंडात आलूबोंडा होता. तो गिळून त्याने अगदी सरळ मनाने उत्तर दिलं. "उतार तर भरपूर होता, मास्तर. साहेब बोलले, डिझाईन बिघडून जाईल."

मी वाट पाहिली. हातावर वाकडी रेघ घेऊन, चार वाजताच्या माझ्या त्या सुंदर उजेडात, मी आयुष्यातल्या सगळ्यांत मोठ्या अपमानाची मनापासून वाट पाहिली. तुच्छ लेखायचं म्हटलं तरी माणसाकडे पाहावं लागतं. मास्तरांनी पाहणंच सोडलं. पायलकडून मशीन घेऊन बाजूला ठेवली, सतरा पावलं चालत जाऊन हात धुतले, परत येऊन नवे मोजे घातले, माझी जखम साफ करून झाकली आणि माईकवर सांगितलं, "शाळा आज सुरू होत नाही. नाश्ता करून घ्या."

शाळा तीन महिने बंद राहिली. मी दोनदा फोन केला, उचलला नाही. तिसऱ्यांदा सुधारित नकाशाची गुंडाळी घेऊनच गेलो. साइटवर धूळ उडत होती. माझी अखंड जमीन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चिरली होती. आठ जागी खड्डे. जाळीच्या आतून विटांची भिंत चढत होती. सांडपाण्याचे पाईप तर इमारतीच्या दर्शनी बाजूने, बाहेरून, उघड्यावर काढले होते, ढोपरं वाकवून बसल्यासारखे. पायल घमेली वाहत होती.

"मास्तर, नकाशा आणलाय."

"ठेवा तिकडे. सिमेंट कालवाले खाली काही पायजेच होतं."

खरंच कालवलं. माझ्यासमोर. मी म्हणालो, निदान पाईप तरी मागच्या बाजूने घ्या, फार वाईट दिसतं.

"कोनाले?" त्यांनी विचारलं.

काही जणांच्या तोंडी एकेक शब्दाचे प्रश्न शोभतात. मी तिथेच बाह्या सारल्या आणि पायलच्या हातातलं घमेलं घेतलं. दोन तासांत कंबर धरली. मास्तरांनी थांबा म्हटलं नाही की आभार मानले नाहीत. जाताना एवढंच म्हणाले, "नकाशापेक्षा घमेलं बरं उचलता."

हातावरची रेघ आहे. दुरुस्त करून द्यायला त्यांनी नकार दिला होता, आणि दुसऱ्या कुणाला दाखवायची मला लाज वाटते. पूर्ण बाह्यांचे शर्ट घालतो. नागपुरात, मे महिन्यात.

आता शाळा पायल चालवते. मास्तर पारशिवनीला लेकीकडे असतात, असं ऐकतो. तिथल्या लोकांचं कसं चाललंय कोण जाणे. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते शाळा सुरू होऊन वर्ष उलटल्यावर. बेसा रोडने चाललो होतो, स्कूटर थांबवली आणि शाळेच्या खिडकीतून आत डोकावलो. आत जायची छाती नव्हती.

हॉल भयंकर कुरूप दिसत होता. पांढऱ्या नळ्या, पांढरे दिवे, पांढऱ्या भिंती, आठ टेबलं आणि प्रत्येकाच्या डाव्या हाताला बेसिन. खिडकीजवळच्या टेबलावर तिशीचा एक दणकट गडी बसला होता, अंगात बुटीबोरीच्या कुठल्याशा कारखान्याचा गणवेश, वर एप्रन. समोर कुणाची तरी पोटरी. त्याने सुई थांबवली, मोजे काढले, हातावर आलेली शाई एप्रनला पुसली, आणि नव्या मोज्यांकडे हात नेला. बेसिन त्याच्या कोपराला लागत होतं.

माझ्या मनात पहिली गोष्ट काय आली ते सांगतो. आनंद झाला मला. चला, म्हटलं, दोष इमारतीचा नव्हता! इतका आनंद की मी खिडकीचा गज धरला.

मास्तर त्याच्या मागेच उभे होते. आता फुटणार, असं मला वाटलं. त्यांनी त्या गड्याचं मनगट धरलं, त्यांच्या मुठीत ते मावतही नव्हतं, आणि नळाखाली ओढलं. साबण घेतला. लहान पोराचे धुवावेत तसे त्याचे दोन्ही हात धुवायला लागले. नखं, बेचक्या, कोपरापर्यंत. गडी आधी ओशाळून हसला, मग हसायचा थांबला. एकेक करून हॉलमधल्या सगळ्या मशीन बंद पडल्या. मास्तरांची मान हलत होती, म्हातारपणी हलते तशी, आणि ते धूतच होते. दोन मिनिटं कधीच होऊन गेली होती.

नळाचा आवाज बाहेर रस्त्यापर्यंत येत होता. मी गाडी सुरू केली नाही. ढकलत कोपऱ्यापर्यंत नेली.